आकाशाची कीर्द आणि खतावणी

खाप्याच्या बाजारपेठेत रात्री दुकाने बंद होतात, गल्ल्यातील रोकड मोजली जाते आणि दिवसाची कीर्द पुरी होते. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपलेली असतात, तेथील मंडळी उन्हाळ्यात घटकाभर गच्चीवर जाऊन बसतात. आग्नेयेला खापरखेड्याच्या वीज केंद्राचा आणि दक्षिणेला नागपूर शहराचा पिवळसर उजेड क्षितिजाशी पसरलेला असतो. परंतु डोक्यावरचे आकाश अजून बऱ्यापैकी काळे आहे. वर पाहणाऱ्याला वाटते की तेथे काहीही बदलत नाही. आजोबांनी बोट दाखवून ओळख करून दिलेले सप्तर्षी, स्वाती, वृश्चिक आजही आपापल्या जागी आहेत. व्यवहारात उलथापालथ होते, भाव चढतात-उतरतात, पेढ्या बुडतात आणि उभ्या राहतात. आकाशाचा हिशेब मात्र कायमचा बंद झालेला आहे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत खरी नाही. आकाशात रोज रात्री लाखो नोंदी बदलतात. कोठे एखादा तारा नियमाने मंद व तेजस्वी होत असतो, कोठे एखादा अकस्मात भडकतो, कोठे एखाद्याचा अंत होतो. आपल्याला ते कळत नाही, याचे कारण एवढेच की आपण काल काय पाहिले होते हे लिहून ठेवलेले नसते. शिल्लक ठाऊक नसेल तर तफावत कशी सापडणार?

ज्यांची प्रकाशमानता कालानुसार बदलते त्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो आणि काही तासांत पुन्हा पूर्ववत होतो. इंग्लंडमधील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८२-८३ मध्ये हा काळ मोजला, आणि अल्गोलच्या भोवती फिरणारा एखादा अंधूक सोबती त्याला झाकत असावा, असे एक कारणही सुचविले. पुढे शंभर वर्षांनी ते कारण खरे ठरले. गुडरिक वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. त्याच्याकडे मोठी दुर्बीण नव्हती. होती ती फक्त वही, घड्याळ आणि रोज पाहण्याची शिस्त.

आपल्या देशात या शिस्तीचे जे उदाहरण आहे, ते व्यापारी आणि हिशेबनीस घरांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ चा, आज बांगलादेशात असलेल्या जैसोर परिसरातला. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि अखेर जैसोरच्या कलेक्टर कचेरीतील खजिन्यात नाणी पारखण्याच्या कामावर लागले. दिवसभर नाणे खरे की खोटे हे पाहायचे आणि रात्री छोट्या दुर्बिणीतून ताऱ्यांची पारख करायची, असे त्यांचे आयुष्य होते. रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या अमेरिकन निरीक्षकांच्या संघटनेने त्यांच्या नोंदींची दखल घेतली आणि १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण थेट जैसोरला पाठवली. १९५४ पर्यंत त्यांनी सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे त्या संघटनेला कळवली. तीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे आणि त्यांच्यामार्फत तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत गेली. पदवी नसलेल्या एका खजिना कर्मचाऱ्याच्या नोंदी आजही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात, कारण १९३० मधल्या एखाद्या रात्री तो तारा किती तेजस्वी होता, हे आता दुसरे कोणीही नव्याने मोजू शकत नाही.

कीर्द आणि खतावणी यांतला भेद व्यापारी घरांना सांगावा लागत नाही. कीर्द तारखेनुसार असते. त्या दिवशी जे जे घडले ते ते तीत उतरते. खतावणी खातेनुसार असते. एकेका असामीच्या नावे वर्षभरातील सर्व नोंदी एका ठिकाणी आणते. नुसत्या कीर्दीवरून कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण टाळतो हे उमगत नाही. खतावणी उघडली की माणसाचा स्वभाव दिसतो. आकाशाचे नेमके तसेच आहे. एका रात्रीचे छायाचित्र ही कीर्द. आणि एकाच ताऱ्याच्या शेकडो रात्रींच्या नोंदी जोडून काढलेला प्रकाशाचा आलेख ही त्या ताऱ्याची खतावणी.

छायाचित्रणाची काच आली तेव्हा ही कीर्द प्रथमच मोठ्या प्रमाणावर ठेवली जाऊ लागली. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने सुमारे शंभर वर्षांत आकाशाच्या पाच लाखांवर काचा जमवल्या. त्यांची खतावणी करण्याचे काम वेधशाळेतील स्त्री-कर्मचाऱ्यांकडे होते, आणि त्यांचा मोबदला अगदी बेताचा असे. त्यांच्यापैकी हेन्रिएटा लेविट यांनी एका रात्रीच्या काचेवर दुसऱ्या रात्रीची उलटी, म्हणजे काळ्याच्या जागी पांढरी, प्रत ठेवून दोन्हींतला फरक शोधला. जे तारे बदललेले नाहीत ते एकमेकांना झाकून टाकतात. बदललेला तेवढा उघडा पडतो. १९०८ मध्ये त्यांनी मॅजेलनी मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये दाखवून दिले की त्यांपैकी एका विशिष्ट जातीचा तारा जितका अधिक तेजस्वी, तितका त्याच्या बदलाचा काळ दीर्घ. या एका नियमामुळे विश्वातील अंतरे मोजण्याचा गज हाती आला. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे एडविन हबल यांनी सिद्ध केले, तेही याच गजाने. कागदाच्या वह्यांना वाळवी आणि ओल यांचे भय असते. काचांनाही ते चुकले नाही. जानेवारी २०१६ मध्ये जलवाहिनी फुटून हार्वर्डच्या सुमारे ६१,००० काचा पाण्यात बुडाल्या. त्या वाचवण्यासाठी झालेली धावपळ पाहता, जुन्या दप्तराची किंमत तेथे किती आहे हे कळते.

आजची सर्वांत गाजलेली आकाश-कीर्द ज्यांनी सुरू केली, ते मूळचे महाराष्ट्रातले आहेत. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाजवळचे, पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव. त्या शिरोळ तालुक्यात आणि आसपास जैन शेतकरी व व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, त्यामुळे या मासिकाच्या कित्येक वाचकांना कुरुंदवाड परके नाही. कुलकर्णी यांचे बालपण हुबळीत गेले, तेथे त्यांचे वडील शल्यविशारद होते. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते बर्कलेला गेले. तेथे विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा स्पंदक तारा शोधला. इतक्या वेगाने फिरणारा तारा तोवर कोणाला ठाऊक नव्हता.

पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक असताना त्यांच्या मनाने घेतले की, खगोलशास्त्राने 'कोठे काय आहे' याचा नकाशा पुष्कळ काढला, आता 'केव्हा काय घडते' याकडे वळावे. त्यासाठी त्यांनी नवी दुर्बीण बांधायला घेतली नाही, हे व्यापारी दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पालोमार पर्वतावर १९४८ पासून एक ४८ इंची श्मिट दुर्बीण उभी होती. आकाशाचा रुंद पट्टा एका दमात टिपणे हा तिचा गुण. १९४९ पासून काचांवर सबंध उत्तर आकाशाची छायाचित्रे तिनेच घेतली होती. जुने यंत्र चोख असेल तर मोडीत काढू नये, त्याचा खर्चाला परवडेल तेवढा भाग बदलावा, हा विचार. २००९ मध्ये तिच्यावर पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी हा प्रकल्प सुरू झाला आणि मार्च २०१८ पासून तिचा उत्तराधिकारी झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. फ्रिट्झ झ्विकी हे त्याच पर्वतावर १९३० च्या दशकात अतिदीप्त नवताऱ्यांचा चिकाटीने शोध घेणारे शास्त्रज्ञ; त्यांचे नाव प्रकल्पाला दिले गेले.

या दुर्बिणीच्या नव्या कॅमेऱ्याला एका वेळी आकाशाचे ४७ चौरस अंश दिसतात. पौर्णिमेचे सव्वादोनशेहून अधिक चंद्र शेजारी-शेजारी मांडले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढे एका छायाचित्रात मावते. प्रत्येक छायाचित्र साधारण अर्ध्या मिनिटाचे, आणि दोन-तीन रात्रींत तेथून दिसणारे सारे उत्तर आकाश एकदा पालथे घालून होते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा सुमारे सहा लाख पटींनी अंधूक वस्तूही त्यात येते.

मग सुरू होते ती वजाबाकी. आकाशाच्या त्या तुकड्याचे आधी घेतलेले एक उत्तम छायाचित्र संदर्भासाठी राखून ठेवलेले असते. नव्यातून जुने वजा केले की न बदललेले सारे तारे शून्य होऊन जातात आणि उरतात फक्त तफावती. लेविट यांनी काचांवर हाताने जे केले, तेच संगणक येथे मिनिटांत करतो. साठा-तपासणीत जुन्या यादीशी मेळ घातल्यावर कमी-जास्त तेवढे लाल शाईत उरावे, तसे हे. चांगल्या रात्री अशा तफावतींची संख्या लाखांत जाते आणि प्रत्येकीची सूचना जगभर पाठवली जाते.

परंतु प्रत्येक तफावत म्हणजे शोध नव्हे. हिशेबात फरक पडला तर तो चोरीचाच असतो असे नाही. बेरीज चुकलेली असते, नोंद दुसऱ्याच खात्यात पडलेली असते. तसेच येथेही कृत्रिम उपग्रहाची रेघ, कॅमेऱ्यावर आपटलेला एखादा विश्वकिरण किंवा दोन छायाचित्रे नीट न जुळल्याने उमटलेला डाग यांची भरताड असते. खरे-खोटे वेगळे करण्याचे काम आता संगणकाला शिकवावे लागते. या कामात पुण्याच्या आयुका संस्थेत संशोधन करून कॅलिफोर्नियाला गेलेले आशिष महाबळ अग्रभागी राहिले आहेत. आधी माणसांनी हजारो नमुने पाहून 'खरे' किंवा 'खोटे' असा शेरा मारायचा, आणि त्या शेऱ्यांवरून यंत्राने शिकायचे. जैसोरच्या खजिन्यातील नाणेपारखी आठवावा असाच हा व्यवसाय.

या सूचना घेऊन, छाननी करून, ज्याला जे हवे ते पोहोचवणाऱ्या संगणक-यंत्रणांना खगोलशास्त्रज्ञ चक्क 'ब्रोकर' म्हणतात. माल एकाचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचे, मध्ये दलाल. ज्याला अतिदीप्त नवतारे हवेत त्याला तेच, ज्याला लघुग्रह हवेत त्याला ते. मात्र या बाजारात दलाली कोणी घेत नाही, आणि सूचनांचा मोठा भाग जून २०१८ पासून सर्वांसाठी खुला आहे. दीडशे वर्षांपूर्वी वेधशाळा आपल्या वह्या कुलपात ठेवत. हा बदल लहान नाही.

सूचना मिळाली तरी ती वेळेत वठवावी लागते. हुंडीसारखेच आहे, मुदत टळली की कागद कोरा. २४ ऑगस्ट २०११ रोजी पालोमारच्या दुर्बिणीला सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. स्फोट होऊन तेव्हा अर्धा दिवसही झालेला नव्हता. तोवर कॅलिफोर्नियात उजाडले होते. म्हणून काम अटलांटिकमधील कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणींकडे सोपवले गेले, कारण तेथे रात्र होत होती. त्या पहिल्या काही तासांच्या नोंदींवरूनच कळले की फुटलेला तारा एक लहानसा, घन श्वेतबटू होता. आठवड्याभराने पाहणाऱ्याला हे कळले नसते.

पृथ्वी फिरते, म्हणून एका देशाला सारी रात्र पुरत नाही. ही साखळी पुरी करण्यासाठी भारतातील कडी लडाखमध्ये हानले येथे आहे. सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २०१८ पासून ७० सेंटिमीटर व्यासाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण काम करते आहे. बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी ती उभारली. मुंबईकडून वरुण भालेराव यांचा पुढाकार. ती यंत्रचालित आहे, शेजारी कोणी बसावे लागत नाही. कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हा हानलेला रात्र असते, आणि हिमालयापलीकडे असल्यामुळे उर्वरित भारतातील वेधशाळा पावसाळ्यात डोळे मिटून बसतात तेव्हाही तेथे पुष्कळ रात्री निरभ्र मिळतात. विदर्भात मृग लागल्यापासून हस्त संपेपर्यंत आकाश किती वेळा मोकळे मिळते, हे खाप्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

या साखळीचे चीज ११ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. झ्विकी सर्वेक्षणाला एक झपाट्याने उजळणारी वस्तू दिसली. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्यांत हानलेची दुर्बीण होती, आणि जुन्नर तालुक्यात खोडदजवळ उभी असलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीणही होती. सर्व नोंदी एकत्र केल्यावर उलगडा झाला: साडेआठ अब्ज वर्षे प्रवास करून आलेला हा प्रकाश होता. एका प्रचंड कृष्णविवराच्या फार जवळ गेलेला तारा त्याने फाडून टाकला होता, आणि गिळताना उडालेल्या द्रव्याचा एक झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने नेमका पृथ्वीच्या रोखाने सुटला होता. दृश्य प्रकाशाच्या सर्वेक्षणात अशी घटना सापडण्याची ती पहिलीच वेळ. सूर्यमाला जन्मण्याच्या कितीतरी आधीचा हा व्यवहार, आणि त्याची नोंद ज्या दप्तरांत झाली त्यांतले एक पुणे जिल्ह्यात आहे.

दुसरे एक उदाहरण याहून घरगुती आहे. किशलय दे हे तरुण संशोधक झ्विकी सर्वेक्षणाच्या नोंदी चाळत होते. एकमेकांत विलीन होणारे जोडतारे त्यांना हवे होते. गरुड तारकासमूहात, सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवर, मे २०२० मध्ये एक तारा दहाएक दिवसांत शंभर पट उजळून मग मावळलेला आढळला. जोडताऱ्यांच्या मानाने ही रक्कम फारच लहान होती. तेव्हा त्यांनी दुसरीच वही उघडली. अवरक्त किरणांत सर्व आकाश पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या एका अवकाश-दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत, भडका उडण्याच्या कित्येक महिने आधीपासून त्या जागी ऊबदार धूळ साचत आलेली दिसली. दोन वह्यांचा मेळ घातल्यावर २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला गेला: ताऱ्याने आपलाच एक गुरूसारखा ग्रह गिळला होता. वेब अवकाश-दुर्बिणीने नंतर केलेल्या पाहणीवरून असे दिसते की तारा फुगून ग्रहापर्यंत पोहोचला नव्हता. ग्रहच हळूहळू आत ओढला जाऊन शेवटी त्यात पडला. आपल्या पृथ्वीचा शेवट काही अब्ज वर्षांनी काहीसा असाच होईल, असे मानले जाते. दुसरी वही ठेवणाऱ्यांना तेव्हा ठाऊकही नव्हते की ही नोंद कोणाच्या कामी येणार आहे.

श्रीनिवास कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, तो अशा बदलत्या आणि क्षणजीवी खगोलांवरील कार्यासाठी, आणि त्यात या दोन्ही सर्वेक्षणांचा आवर्जून उल्लेख होता. दरम्यान चिलीतील सेरो पाचोन पर्वतावर याहून कितीतरी मोठा उद्योग उभा राहिला आहे. व्हेरा रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा असून तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा वर्षे ती दक्षिण आकाशाची कीर्द लिहिणार आहे आणि एका रात्री एक कोटीपर्यंत सूचना निघतील असा अंदाज आहे. एवढ्या नोंदी तपासायला जगातील सारे खगोलशास्त्रज्ञ अपुरे पडतील. ज्यांना आकडेवारीतून कल ओळखता येतो आणि तफावतीचे कारण शोधल्याशिवाय झोप लागत नाही, अशांची तेथे गरज लागणार आहे. मग ते वाणिज्य शाखेचे का असेनात. घरातील जो मुलगा किंवा मुलगी संगणकावर जीएसटीचे विवरणपत्र भरते, तिला एखाद्या ताऱ्याचा प्रकाश-आलेख उतरवून घेऊन काढणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी दुर्बीण विकत घ्यावी लागत नाही. नोंदी मोफत आहेत.

नुसत्या डोळ्यांचे कामही संपलेले नाही. मोठ्या सर्वेक्षणांची एक अडचण अशी की फार तेजस्वी तारा त्यांच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही. त्याचा प्रकाश सांडून नोंद बिघडते. अशा ताऱ्यांची वही अजून हौशी निरीक्षकांच्याच हाती आहे. उत्तर मुकुट तारकासमूहातील टी कोरोना बोरिअॅलिस हा त्यांपैकी एक. एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. त्याच्यातील श्वेतबटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून वायू ओढून साठवत राहतो, आणि साठा पुरेसा झाला की त्याचा पृष्ठभाग पेट घेतो. मग तो दीड हजार पटींनी तेजस्वी होऊन काही दिवस नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो. असे मे १८६६ मध्ये झाले आणि पुन्हा ९ फेब्रुवारी १९४६ रोजी, देश स्वतंत्र होण्याच्या दीड वर्ष आधी. दोहोंत ऐंशी वर्षांचे अंतर. त्या हिशेबाने पुढची मुदत याच वर्षांच्या आसपास पडते, आणि जगभरचे निरीक्षक त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.

हा तारकासमूह खाप्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या थोडे आधी गच्चीवर उताणे पडावे. स्वातीचा नारिंगी तारा आणि ईशान्येकडून चढत आलेला अभिजित यांना जोडणारी रेषा मनात काढावी. त्या रेषेवर, स्वातीच्या बाजूला, सात ताऱ्यांची अर्धी बांगडी दिसते. तिच्यातला सर्वांत ठळक तारा दुसऱ्या प्रतीचा आहे. टी तारा पेटला तर बांगडीच्या पूर्व टोकाजवळ तेवढाच ठळक दुसरा तारा दिसेल. न पेटला तर तेथे काहीच दिसणार नाही, आणि तीही नोंदच आहे. वहीत तारीख, घड्याळातील वेळ आणि 'दिसला नाही' एवढे लिहावे. रूपविकारी ताऱ्यांच्या संघटना सदस्य नसलेल्यांच्या नोंदीही स्वीकारतात. आणि दुसऱ्या दिवशी तो पेटलेला आढळला, तर आदल्या रात्री खाप्यावरून तो दिसत नव्हता हीच त्या खात्यातील सर्वांत मोलाची ओळ ठरते.